फाट्यापर्यंत

गेल्या डिसेंबरात एका रविवारी पहाटे माझ्या मोबाइलवर एक दुवा येऊन पडला. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. सोबत दोनच ओळी होत्या : 'सर, ऐकून पाहा जी. तुम्ही शिकवलेली शाळा आहे यात. पुढचा भाग बर्फाचा आहे, तोही ऐका.' हा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्ग सोडून गेला, त्याला आता सहा वर्षे होतील. सध्या तो चाकणजवळच्या एका गोदामात रात्रपाळीला असतो. खोक्यांवर पट्ट्या चिकटवताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांत तो रात्रभर काही ना काही ऐकत राहतो. पाळी संपली की जे आवडले ते मला पाठवतो. बहुतेक वेळा मी ते ऐकत नाही, आणि 'छान आहे' असे कळवतो. शिक्षकांच्या अनेक खोटेपणांपैकी हा एक.

त्या दिवशी मात्र ऐकले. थंडी कडाक्याची होती. विदर्भातील सर्वांत कमी तापमान गोंदियाचे, ही बातमी दर हिवाळ्यात दोनचारदा तरी वर्तमानपत्रांत येतेच. आमचे गोरेगाव त्याच थंडीचे भागीदार. अंगणात शेकोटी करून बसलो होतो आणि उठावेसे वाटत नव्हते, एवढेच खरे कारण.

दोन मित्र बोलत होते. आवाजांवरून तिशीच्या आसपासचे, भाषेवरून पुण्याकडचे. पहिल्या भागात 'कमिंग ऑफ एज' म्हणतात त्या प्रकारचे मराठी चित्रपट, दुसऱ्या भागात ध्रुवीय साहसे. दोन्ही मिळून अडीच तास. पहिली वीस मिनिटे माझ्यातला परीक्षक जागा होता. एकाच वाक्यात तीनदा 'ॲक्च्युअली', विषय सोडून भटकणे, एकमेकांचे वाक्य तोडणे, मध्येच हसणे. पण हळूहळू लक्षात आले, की या दोघांना चित्रपटांचे 'आशयसूत्र' वगैरे ठाऊक नसले तरी प्रसंग मात्र लख्ख आठवत होते. 'किल्ला'मधला पाऊस आठवताना त्यांपैकी एकजण बोलायचा थांबला. छापील समीक्षेत असे थांबणे दाखवायची सोय नाही. आपण तिथे टिंबे देतो आणि ती खोटी वाटतात.

या चित्रपटप्रकाराला मराठीत काय म्हणावे, यावर ते बराच वेळ अडले. 'वयात येणे' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि लगेच मागे घेतला. बरोबरच केले. आपल्या भाषेत वयात येते ती मुलगी. तिला न्हाण येते, पदर येतो, ती शहाणी होते. हे सारे शब्द देहाविषयीचे आहेत आणि ते वापरणारे डोळे तिच्या लग्नाकडे लागलेले आहेत. मुलाला फार तर मिसरूड फुटते. मनात जे घडते त्याला आपण 'कळू लागणे' म्हणतो. 'कळत्या वयाचा', 'आता तो कळता झाला'. मला हा शब्द पुरेसा वाटतो. 'कळतेपणाचे चित्रपट' म्हणून पाहा. इंग्रजी शब्दात वयाचा हिशेब आहे. आपल्या शब्दात काहीतरी कळल्याचा, आणि बहुधा ते न कळते तर बरे होते असे वाटण्याचा, भाव आहे.

ज्यांची चर्चा झाली ते चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत. उमेश कुलकर्णींचा 'विहीर' (२००९), मिलिंद बोकील यांच्या २००४च्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला 'शाळा' (२०११), नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३), अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४). पाचसहा वर्षांच्या अवधीत मराठीत हे एवढे घडले, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे. त्या दोघांचे म्हणणे असे, की या सर्व चित्रपटांत मुलगा एका जगातून दुसऱ्या जगात 'जातो', आणि म्हणून पुढच्या भागात आम्ही खरोखर जगाच्या टोकाला गेलेल्यांविषयी बोलणार आहोत. दोन भागांना जोडणारा हा त्यांचा पूल.

मला तो पूल कच्चा वाटला. शेकोटीपाशी बसल्या बसल्या मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडू लागलो.

'शाळा'त कोण जाते? शिरोडकर जाते. वडिलांची बदली होते आणि ती गाव सोडते. जोशी तिथेच राहतो, तेच रस्ते, तीच शाळा, आणि वर दहावीचे वर्ष. 'विहीर'मध्ये नचिकेत जातो, कायमचा. चित्रपट त्याच्यामागे जात नाही; तो समीरपाशी थांबतो आणि त्याला शोधायला लावतो. 'फँड्री'तला जब्या तर कुठेच जाऊ शकत नाही. राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुक्कर पकडायला धावणारे ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते, डुक्कर मात्र निघून जाते. जाण्याच्या अशक्यतेचे याहून नेमके चित्र मराठी पडद्यावर मला आठवत नाही. शेवटी त्याच्या हातून निघालेला दगड तेवढा आपल्या दिशेने येतो.

अपवाद 'किल्ला'चा. तिथे चिनू जातो, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो आणि शेवटी तिथूनही निघतो. माझ्या म्हणण्याला हा चित्रपट छेद देतो, हे कबूल केले पाहिजे. पण मित्रांनी पावसात किल्ल्यावर एकटे सोडून दिलेला चिनू आठवा. आधी तो मागे राहिलेला आहे, मग जाणारा. मागे राहणे म्हणजे काय हे कळल्यावरच त्याला जाता येते.

थोडक्यात, आपल्या कळतेपणाच्या कथेत साहसी माणूस दुसराच कोणीतरी असतो. नायक म्हणजे ज्याच्या वाट्याला त्याची रिकामी जागा येते तो.

आणि साहसकथेत याच्या नेमके उलटे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किती पुस्तकांतून, किती संकटांतून, किती प्रदेशांतून धावला. पण तो मोठा झाला नाही. तो विद्याभवनाच्या वर्गातच राहिला, आणि आम्हांला तो तसाच हवा होता. म्हणजे मराठीत जो भटकतो तो वाढत नाही आणि जो वाढतो तो भटकत नाही. हे विधान जरा सरधोपट आहे, विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहू नये. पण मी त्या सकाळी ते केले आणि अजून पूर्ण मागे घेतलेले नाही.

दुसरा भाग लावला तेव्हा ऊन अंगणात उतरले होते. सुरुवातीलाच एकाने विचारले, मराठी माणसाचा ध्रुवांशी काय संबंध? आणि दोघे हसले. मला गंमत वाटली. सबंध भागात त्यांना लोकमान्यांची आठवण झाली नाही. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा टिळकांचा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. उषेच्या सूक्तांतील लांबलेल्या पहाटा, एकामागून एक येणाऱ्या तीस उषा, सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र यांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असले पाहिजे, असा त्यांचा तर्क. अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. पण तुरुंगात ऋग्वेद वाचता वाचता एक माणूस ध्रुवापर्यंत पोचतो, हे साहस कमी नव्हे. आपले सर्वांत लांबचे प्रवास बसल्या जागी झालेले आहेत.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांत अदिती पंत आहेत. जन्म १९४३चा, नागपूरचा; वडील आप्पासाहेब पंत हे औंधच्या राजघराण्यातले आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत. पुण्यात बी.एस्सी. करताना सागरी जीवनावरचे एक पुस्तक त्यांच्या हाती आले आणि दिशा ठरली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत असताना १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अशा मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले स्थानक उभे राहिले. वर ज्या चित्रपटांची नावे घेतली त्यांत एकाचीही नायिका मुलगी नाही, हे माझ्या वर्गातल्या मुलींनी मला अनेकदा सुनावले आहे. त्यांना मी आता अदिती पंतांची गोष्ट सांगतो. त्यावर त्या म्हणतात, 'सर, तिचे बाबा राजदूत होते.' यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

आणि सर्वांत जवळची गोष्ट तर शब्दातच लपलेली. ज्या टोकाला आपण 'ध्रुव' म्हणतो तो मुळात पाच वर्षांचा मुलगा. बापाच्या मांडीवरून सुरुचीने उठवले म्हणून घर सोडून अरण्यात गेलेला, आणि कोणी हलवू शकणार नाही अशी जागा मागणारा. कळतेपणाची कथा आणि ध्रुवाची कथा, दोन्ही आपल्याकडे एकच आहेत. भूगोल शिकताना आपण हे विसरतो. या कथेत मागे राहिलेली आहे सुनीती, ध्रुवाची आई. कीर्तनकार तिच्यावर फारसे थांबत नाहीत. भागवतात मात्र अढळपदी जाणाऱ्या ध्रुवाला तिची आठवण येते, तेव्हा ती आधीच पुढे निघालेल्या विमानात त्याला दिसते. भागवतकाराला मागे राहिलेल्या माणसाचा हिशेब चुकता करावासा वाटला, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या दोघांच्या बोलण्यात अर्थातच स्कॉट होता, अमुंडसेन होता, शॅकल्टन होता. १४ डिसेंबर १९११ला अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला आणि १७ जानेवारी १९१२ला स्कॉट. मधल्या चौतीस दिवसांवर जगाने शेकडो पुस्तके लिहिली. शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स' जहाजावर चोरून चढलेल्या पर्स ब्लॅकबरोची गोष्ट त्यांनी छान सांगितली. अठरा वर्षांचा मुलगा, नोकरी नाकारली म्हणून कपाटात लपून बसलेला. जहाज १९१५त बर्फाने चिरडून बुडाले; हा पोरगा एलिफंट बेटावर पोचला तो हिमदंशाने सडलेली पावले घेऊन. १९१६च्या जूनमध्ये उलट्या ठेवलेल्या होड्यांच्या छपराखाली डॉक्टरांनी त्याच्या डाव्या पायाची बोटे कापली. ते जहाज २०२२ साली तीन हजार मीटर खोल समुद्रात जवळपास अखंड सापडले. त्या मुलाची बोटे गेली ती गेली. दोघांपैकी एकजण यावर म्हणाला, 'हाच खरा कमिंग ऑफ एज!' मला ते वाक्य आवडले नाही. घाईने केलेले वाक्य होते.

ज्याच्यावर ते जेमतेम पाच मिनिटे बोलले, तो माणूस मात्र माझ्या मनातून जाईना. ॲप्सली चेरी-गॅरार्ड. स्कॉटच्या मोहिमेत दाखल झाला तेव्हा वय चोवीस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, शास्त्रज्ञ नव्हे की खलाशी नव्हे. १९११च्या ऐन हिवाळ्यात, जेव्हा तिथे सूर्य उगवतच नाही, तो विल्सन आणि बॉवर्स यांच्यासोबत एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेला. तापमान उणे साठ अंशांच्याही खाली. थंडीने दात एवढे वाजले, की त्यांचे तुकडे पडले. वादळात तंबू उडाला आणि योगायोगाने परत सापडला. पाच आठवड्यांनी तिघे तीन अंडी घेऊन जिवंत परतले. १९२२त त्याने या सगळ्यावर लिहिलेले पुस्तक प्रवासवाङ्मयात श्रेष्ठ मानतात.

पण माझे मन अडकले ते या पराक्रमात नव्हे. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला कुत्र्यांच्या गाड्या घेऊन 'वन टन' नावाच्या शिध्याच्या साठ्यापर्यंत जायला सांगितले गेले. ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटला तिथे गाठायचे. चेरी तिथे पोचला आणि सहासात दिवस थांबला. हवा वाईट होती, कुत्र्यांना तिथे खाणे नव्हते, पुढच्या वर्षासाठी कुत्री राखायची असा हुकूम होता, आणि त्याला दिशा काढता येत नव्हती. १० मार्चला तो परत फिरला. त्या वेळी स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिणेला अजून बरेच दूर होते. त्यांतला ओट्स, जो पूर्वी आपल्या महूच्या छावणीत पलटणीबरोबर होता, पुढे आठवड्याभरात तंबूबाहेर चालत गेला तो आलाच नाही. उरलेल्या तिघांचा तंबू अखेर जिथे थांबला ती जागा त्या साठ्यापासून अकरा सागरी मैलांवर होती. म्हणजे सुमारे वीस किलोमीटर. आमच्या गोरेगावहून गोंदियाला जायला जेवढा रस्ता, त्याहून फारसा अधिक नाही. नोव्हेंबरात ज्या पथकाला तो तंबू सापडला, त्यात चेरी होता. विल्सन आणि बॉवर्स आत होते. पुढची सेहेचाळीस वर्षे तो जगला, आणि 'मी आणखी पुढे गेलो असतो तर?' हा प्रश्न त्याला सुटला नाही. नियमांप्रमाणे त्याची काहीच चूक नव्हती. इतरांनी त्याला हे वारंवार सांगितले.

इथे मी मोबाइल बंद केला.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग ओस पडतात. रोवणी सुरू झाली की बांध्यांमध्ये हातांची गरज असते आणि पोरे-पोरी पऱ्हे खणायला, रोवायला घरी थांबतात. आम्ही ते गृहीत धरतो, हजेरीपत्रकात डोळेझाक करतो. हा मुलगाही त्या वर्षी रोवणीत दिसेनासा झाला. दसऱ्याला एकदा आला, ग्रंथालयातून घेतलेली 'शाळा' परत करायची राहिली म्हणून सांगून गेला. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. त्याच्या गावच्या दंडारीत तो सोंग घ्यायचा आणि चांगला घ्यायचा, असे इतर मुले सांगत. मंडई झाली तरी तो आला नाही. अंतर्गत परीक्षेची तारीख जवळ आली. कोणी म्हणाले, बापावर सोसायटीचे कर्ज आहे. कोणी म्हणाले, ठेकेदाराबरोबर जाणार आहे.

एका शनिवारी मी मोटारसायकल काढली. कोहमाऱ्याच्या रस्त्याने निघालो आणि त्याच्या गावाला जाणाऱ्या फाट्यावर थांबलो. तिथून आत गाव पाचसहा किलोमीटर असेल. फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, असेल घरी, काल दिसला होता. मी चहा घेतला. मग विचार करू लागलो. जाऊन काय सांगणार? शिक, असे? फी कोण भरेल? मी भरली तर दुसऱ्यांचे काय? बापासमोर शिक्षकाने उभे राहणे म्हणजे त्याला खाली पाहायला लावणे नव्हे काय? शिवाय रस्ता कच्चा होता, आणि संध्याकाळी गोंदियाला एका कार्यक्रमात मला अध्यक्ष म्हणून बोलायचे होते. विषय होता, 'ग्रामीण विद्यार्थी आणि वाचनसंस्कृती'. दुसरा चहा घेतला. अर्धा-पाऊण तास बसलो, एखादे वेळी तोच येईल सायकलवरून असे वाटत होते. मग परत फिरलो. सोमवारी कळले, तो रविवारी गेला.

माझी यात चूक होती असे कोणी म्हणणार नाही. नियमांत विद्यार्थ्याच्या घरी जा असे कुठेही लिहिलेले नाही. आणि तो काही बर्फात गाडला गेला नाही. तो कमावतो, बापाचे कर्ज त्याने फेडले, धाकट्या बहिणीला नर्सिंगला घातले. चेरीशी स्वतःची तुलना करणे हा एक प्रकारचा अहंकारच आहे, हेही मला कळते. तरी ती टपरी, ते दोन चहा आणि तो कच्चा रस्ता सहा वर्षे माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाहीत. त्या दोन मित्रांनी चेरीला पाच मिनिटे दिली, आणि मला त्यांचा रागही आला, त्यांचे आभारही मानावेसे वाटले.

दुपारी मी विद्यार्थ्याला फोन लावला. रात्रपाळीची माणसे दुपारी झोपलेली असतात हे विसरून लावला. तो झोपेतून उठला. मी म्हणालो, दोन्ही भाग ऐकले. त्याला विश्वास बसला नसावा, कारण त्याने लगेच परीक्षा घेतली. 'मग सांगा जी, अंडी किती आणली त्यायनं?' तीन, असे मी सांगितले. तो खूश झाला. म्हणाला, 'चेरीचा भाग मी तीनदा ऐकला. त्याच्यावर कोणी रागावलं नसेल, सर. त्या तंबूतल्या लोकांले माहीतच नव्हतं ना, तो कुठवर आला होता ते.'

मी त्याला फाट्याविषयी कधी सांगितलेले नव्हते. त्या दिवशी सांगितले. टपरीपासून, दोन चहांपासून, सगळे.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. खोलीत पंखा चालू असावा, त्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारले, कोणत्या वारी? शनिवारी, मी म्हणालो. 'शनिवारी मी घरी नव्हतो जी,' तो म्हणाला. 'गोंदियाला गेलो होतो, रिझर्वेशनले.'

खरे सांगत होता की मला सोडवत होता, हे मला आवाजावरून कळले नाही. टपरीवाला तर म्हणाला होता, असेल घरी. मी पुन्हा विचारले नाही. त्याने विचारले, आपली ती 'शाळा' अजून त्याच्याचकडे आहे, ग्रंथालयात किती दंड झाला असेल? मी म्हणालो, पाहून सांगतो.

सोमवारी ग्रंथपालांनी नोंदवही काढली. त्याच्या नावापुढे पुस्तक जमा झाल्याची नोंद होती, त्याच वर्षीच्या मार्चची, आणि सही माझी होती. मी ते हरवले असे धरून स्वतःची प्रत जमा केली होती आणि विसरलो होतो. त्याला अजून कळवलेले नाही. पुस्तक त्याच्याकडे असू दे.